शंतनूचे आठ तास

आठ तास होते, आणि ते सगळेच्या सगळे शंतनूसाठी राखून ठेवायचे असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. डोहाळजेवणाच्या आदल्या दुपारी, वेंगुर्ल्याच्या भाड्याच्या घरात, पंख्याखाली चटईवर पडल्या पडल्या ठरलं होतं. स्वरदा म्हणाली, "बाकी कुणालाही एक मिनिट द्यायचं नाही." त्यावर शंतनू पोट धरून हसला. "तू? तू कुणाला नाही म्हणणार? बघू या की!"

त्याचं हसणं खोटं नव्हतं. स्वरदा म्हणजे भिडस्तपणाची हद्द. एकदा दाताच्या डॉक्टरने भूल पुरती चढायच्या आतच दात कोरायला घेतला आणि "दुखतंय का हो?" असं विचारलं, तर या बाईने डोळ्यांतून पाणी गाळत मानेनेच "नाही" म्हणून सांगितलं. का, तर म्हणे बाहेर माणसं खोळंबली होती! आणि शंतनू खोत तरी काय वेगळा होता? समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायचं त्याचं काम. दर दिवाळीला कामावर कोण राहणार असं साहेबांनी विचारलं की बाकीचे खिडकीबाहेर बघायचे आणि याचा हात आपोआप वर जायचा. लग्नानंतर वर्षभर दोघांनी दर बुधवारी कारल्याची भाजी खाल्ली. तिला वाटायचं त्याला आवडते, त्याला वाटायचं तिला आवडते. दोघांनाही कारलं डोळ्यांसमोर नको असायचं. अशी ही जोडी.

आता हे आठ तास कसले, ते सांगायला हवं.

गर्भाशय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. जवळजवळ नऊ महिने तिच्यातल्या पेशी आपापल्या तंद्रीत असतात. एखादी आखडली तरी शेजारणीला त्याचा पत्ता नसतो. दिवस भरत आले की मात्र पेशी-पेशींमधल्या भिंतींत बारीक बारीक दारं उघडू लागतात. मग एका पेशीत उठलेली विजेची लहर दारातून शेजारणीकडे जाते, तिच्याकडून पुढे, आणि बघता बघता सगळी पिशवी एकदम आवळली जाते. तीच कळ. पुण्यातल्या काही संशोधकांनी ही लहर उठताक्षणीच पकडायची युक्ती शोधून काढली. लहर सुरू झाली रे झाली, की बाहेरून एक अगदी क्षीण उलटा झटका द्यायचा. लहर जागच्या जागी विरते, कळ येतच नाही, आणि बाईला दुखत तर नाहीच, उलट झोप लागते. चार बोटं रुंदीचा एक पट्टा ओटीपोटावर बांधला की काम झालं. कागदोपत्री त्याचं नाव 'विराम' होतं. लोकांनी त्याला 'थांबा' म्हणायला सुरुवात केली.

हेतू मोठा चांगला होता. सातव्या महिन्यातच कळा सुरू झालेल्या बायका वाचाव्यात, आडरानातल्या वाडीवरच्या बाईला दवाखान्यापर्यंत पोचायला सवड मिळावी. तसं झालंही, हजारो पोरं जगली. पण एकदा वस्तू हातात आली की माणसं काय करतील याचा नेम नाही. पुढाऱ्यांची नातवंडं नेमकी पाडव्याच्या सकाळीच जन्माला येऊ लागली. डॉक्टरांना रविवार मोकळा मिळू लागला. आणि घराघरांतून "थांबा लाव की जरा, घाई कसली एवढी?" हे वाक्य "चहा टाक की जरा" इतक्या सहज ऐकू येऊ लागलं.

मर्यादा एकच होती. पट्टा लहर मोडत असतो तेव्हाही पेशींमधली दारं उघडायची थांबत नाहीत. प्रत्येक वेळी लहर जास्त जोराने उठते, पट्ट्याला जास्त जोर लावावा लागतो आणि बाळाला वारेतून होणारा रक्तपुरवठा ओढगस्तीला येतो. म्हणून एका बाळंतपणाला सगळे मिळून आठ तास, त्यापुढे पट्टा आपोआप बंद. आणखी एक नियम होता. बटण फक्त बाळंत होणाऱ्या बाईच्या बोटानेच चालायचं. सासूने, नवऱ्याने, डॉक्टरने, कुणीही परस्पर दाबून उपयोग नाही. कायदा करणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. भिडेचा तेवढा राहून गेला होता.

आणि शंतनूच का? तर दोन वर्षांपूर्वी स्वरदाला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्या दिवशी शंतनू समुद्रात होता, खवळलेल्या लाटांमुळे दोन दिवस बोट लागली नाही. ती एकटीच रिक्षाने दवाखान्यात गेली, एकटीच परत आली. तो घरी आला तेव्हा तिने उठून त्याच्यासाठी पोहे केले होते. ते पोहे त्याच्या घशाखाली उतरले नाहीत. त्या रात्री ती एवढंच म्हणाली, "परत असं एकटीने नको रे." त्याने शब्द दिला होता. त्याचं काम समुद्रात, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे घाटावर गडहिंग्लजला. बोट आणि रस्ता मिळून सहा-सात तास सहज जाणार. म्हणून ते आठ तास त्याचे होते.

एवढं असूनही शुक्रवारी सकाळी पहिली कळ आली तेव्हा शंतनू समुद्रात नव्हताच. पंधरा दिवसांची रजा काढून तो सासुरवाडीत, तिच्या शेजारीच बसला होता. दोघं ओले हरभरे सोलत होती. स्वरदाने हातातला घाटा खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं बाई!" पट्ट्याने बारीकशी शीळ घातली. म्हणजे लहर खरी होती.

घरात एकच धांदल उडाली. आईने देवापुढे दिवा लावला, शंतनूने पिशवी उचलली, आणि अशात स्वरदाचे वडील दारात येऊन उभे राहिले. देसाई सर. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. ग्रहणाच्या दिवशी अख्ख्या वर्गाला मैदानात नेऊन भेळ खायला घालणारा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"स्वरू, एक सांगू का? माझा काडीचाही विश्वास नाही, तुला ठाऊक आहे."

"कशावर बाबा?"

"आज अमावास्या आहे. दुपारी संपते. मला काही नाही गं, पण उद्या बाळाला कुणी नावं ठेवायला नकोत. लोकांच्या तोंडाला कुठे हात लावणार?"

स्वरदाने शंतनूकडे पाहिलं. शंतनूने तिच्याकडे पाहिलं. दोघंही समोरचा काय म्हणतोय याची वाट बघत राहिली. शेवटी शंतनू म्हणाला, "सर म्हणताहेत तर... नाही तरी मी इथेच आहे. ते तास आता तसे शिल्लकच की." तिला ते पटलं. ज्याच्यासाठी राखून ठेवले होते तोच पुढ्यात बसलेला, मग एवढा हात आखडता कशाला घ्यायचा? तिने बटण दाबलं. सरांचा चेहरा असा खुलला की दिल्याचं समाधानच वाटलं.

अमावास्या संपल्यावर ती गावातल्या प्रसूतिकेंद्रात गेली. तिथल्या डॉ. नेर्लीकरबाईंनी हात जोडले. "नेसरीहून एक बाई आलीये, जुळं आहे, आडवं आहे. खोल्या दोनच. तू दोन तास दम धरशील का गं?" याला नाही कसं म्हणणार? कुणीही म्हटलं नसतं. तिने परत बटण दाबलं.

ती बाई सुखरूप मोकळी झाली, आणि तेवढ्यात शंतनूचा फोन वाजला. त्याची आई इस्लामपूरहून निघाली होती आणि तिची गाडी निपाणीजवळ बंद पडली होती. फोन ठेवून तो बराच वेळ नखं कुरतडत उभा राहिला. "स्वरा, बघ हं, तुला जमत असेल तरच. आई अर्ध्या वाटेवर आहे. तिचं पहिलंच नातवंड. आयुष्यभर बोलून दाखवेल."

"तू सांगतोयस म्हणून," स्वरदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं. बेळगावच्या मावशीलाही व्हिडिओ कॉल लावून द्यायचा होता, तिची वीज गेली होती. तीही थोडा वेळ खाऊन गेली.

संध्याकाळी सगळी मंडळी जमली. सासूबाई आल्या, डिंकाचे लाडू आले, सरांनी कॅमेरा सज्ज केला. स्वरदाने पट्टा बंद केला आणि सगळे तिच्या पोटाकडे टक लावून बसले. काहीच झालं नाही. एक तास गेला, दुसरा गेला. डॉक्टर आल्या, तपासलं आणि कपाळाला हात लावला.

"निजल्या कळा. सुरुवातीला इतका वेळ दाबून धरल्या की कधी कधी असं होतं. घरी जा. दोन दिवस लागतील, नाही तर चार." मग पट्ट्यावरचा आकडा पाहून म्हणाल्या, "आणि बाई, आता अडीच तासच उरलेत. जपून वापर."

घरी आल्यावर सगळ्यांनी लाडू खाल्ले. कुणाला काही गमावलंय असं वाटलं नाही. स्वरदाला वाटलं, पण बोलायचं कुणाला?

रविवारी कंपनीचा फोन आला. एका पवनचक्कीच्या पात्याचा ब्रेक अडकला होता, वारा वाढत होता, आणि तिथला दुसरा जाणकार माणूस वडिलांना घेऊन मिरजेच्या दवाखान्यात होता. साहेबांचा आवाज अगदी रडवेला झाला होता. शंतनू फोनवर हात ठेवून खोलीत आला.

"दोनच दिवसांचं काम आहे. जाऊ का?"

त्याला वाटत होतं, हिने नाही म्हणावं, म्हणजे मला तिकडे सांगता येईल. तिला वाटत होतं, याने विचारूच नये, सरळ नाही म्हणून टाकावं. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"काम आहे तर जायला हवं," ती म्हणाली.

"मंगळवारी संध्याकाळी इथे असेन."

"ये जाऊन."

त्याची गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा स्वरदाला स्वतःचाच असा राग आला की तिने उशी भिंतीवर फेकून मारली. सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणायची, दारातच उभ्या होत्या. इस्लामपूरच्या शेतात राबलेली ती बाई. "अगं, उशीनं काय केलंय?" त्या म्हणाल्या, "बोलायचं हुतंस की त्याला, जाऊ नगंस म्हणून."

"तुम्ही का नाही बोललात आत्याबाई?"

"माझं कुठं ऐकतोय त्यो?" आत्याबाईंनी उशी उचलली, झटकली आणि जागेवर ठेवली.

मंगळवारी सकाळी कळा परत आल्या आणि या वेळी त्या कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. शुक्रवारची पहिली कळ नुसती टिचकी मारल्यासारखी होती. ही आली ती कंबरेतून सरळ मांड्यांत उतरली आणि स्वरदाने स्वयंपाकघराचा ओटा दोन्ही हातांनी धरला. तिने पहिला फोन शंतनूला लावला. तो पवनचक्कीच्या मनोऱ्यात, निम्म्या शिडीवर होता. "निघालो," एवढंच म्हणाला, आणि पुढे नुसता शिडीवर बूट आपटल्याचा आवाज ऐकू आला.

तिने मनाशी पक्कं केलं होतं, अगदी शेवटपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. जितकं सोसवेल तितकं सोसायचं आणि उरलेले अडीच तास अगदी शेवटी खर्चायचे. सकाळभर तिने सोसलं, आधी घरी, मग केंद्रात. आई पाठ चोळत होती, आत्याबाई पाणी पाजत होत्या, बाबा व्हरांड्यात येरझारा घालत होते. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती आज, साधा मंगळवार होता. सरांना तरी आता मागायला काही उरलं नव्हतं.

दुपारी डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाल्या, "पिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय. जोर करायला लाग."

"शंतनू कुठवर आलाय?"

आईने फोन लावला. बोटीतून उतरून तो सावंतवाडीपर्यंत आला होता. बोटीनेच उशीर केला होता. स्वरदाने पट्टा चाचपला आणि बटण दाबलं.

शुक्रवारी बटण दाबलं की कळ उचकी थांबावी तशी थांबायची. आज तसं झालं नाही. दुखणं ओसरलं, पण ओझं तसंच राहिलं. सगळी पिशवी दर थोड्या वेळाने आवळायला बघायची, पट्टा तिला सोडवायचा, आणि त्या झटापटीत आतलं बाळ अर्ध्या वाटेत अडकून राहायचं. कुणीतरी आतून दार ढकलतंय आणि आपण बाहेरून कडी धरून उभे आहोत, असं तिला होऊ लागलं. उशाशी यंत्रावर बाळाच्या ठोक्यांची रेघ चालली होती. पट्ट्याने जोर लावला की रेघ खाली बसायची आणि परत वर यायची. दर वेळी वर यायला थोडा जास्त वेळ घ्यायची.

दीडएक तास असा गेला. पट्ट्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. तिने डॉक्टरांना विचारलं, "हे बरोबर आहे का?"

डॉ. नेर्लीकरांनी रेघ नीट निरखून पाहिली. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "पिवळा म्हणजे शेवटचा तास. नियमात बसतंय. ठोके खाली जाताहेत, पण परत येताहेत. तुला वाट बघायची असेल तर मी अडवणार नाही. आणि आत्ता सोडवायचं म्हणालीस तर तेही चांगलंच. बटण तुझं आहे."

तेवढ्यात शंतनूचा फोन आला. आत्याबाईंनी तो तिच्या कानाला लावला.

"स्वरा, आंबोली ओलांडली. आजऱ्याच्या अलीकडे आहे. एक तास, फार तर थोडा जास्त. गाडी फुल्ल सोडलीये. तुझ्याकडे आहे ना अजून तास?"

"आहे."

"बास तर मग! धर एवढा तासभर. आलोच मी."

पोटात पुन्हा आवळलं, पट्ट्याने पुन्हा सोडवलं. रेघ खाली बसली. स्वरदा तिच्याकडे बघत राहिली. वर ये, वर ये, असं ती मनात म्हणत होती, आणि रेघ आपल्या सवडीने वर आली.

"स्वरा? ऐकतेस ना?"

"शंतनू, बाळाला त्रास होतोय."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"नियमात बसतंय म्हणाल्या."

"मग झालं तर! स्वरा, प्लीज. एकच तास मागतोय. आजवर स्वतःसाठी तुझ्याकडे मी काही मागितलंय का?"

नव्हतं मागितलं. हेच तर होतं. सगळ्या जगाला हो म्हणून झालं होतं. बाबांना, डॉक्टरांना, मावशीच्या गेलेल्या विजेलासुद्धा. आणि आता तो मागत होता, ज्याच्यासाठी हे सगळं राखलं होतं, जो आत्ता शेजारी हवा म्हणून तिचा जीव तुटत होता. तिला दुसरं काही म्हणजे काही नको होतं. त्याचा हात हवा होता फक्त. आत्याबाई वाकून कानाशी म्हणाल्या, "धर की गं पोरी तासभर. लेकरू कसं धावत येतंय बघ." आईनेही मान डोलावली. सगळी खोली तिच्या "हो"ची वाट बघत होती.

"नाही," स्वरदा म्हणाली.

"काय?"

"नाही शंतनू. मी पट्टा काढतेय. तू सावकाश ये, गाडी जपून चालव."

"स्वरा, अगं ऐक, दोन मिनिटं ऐक माझं..."

"नाही," ती परत म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणताना ओक्साबोक्शी रडली. रडता रडताच तिने पट्ट्याची कडी ओढली. चर्रकन आवाज झाला आणि पट्टा बाजूला पडला.

अडवून धरलेलं सगळं एकदम आलं. स्वरदाला ओरडायला लाज वाटायची, ती त्या दिवशी सगळं केंद्र दणाणून जाईल अशी ओरडली. एका बाजूने आईने हात धरला होता. आत्याबाईंनी फोन ठेवून दिला, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने तिचा गुडघा आपल्या छातीशी धरला. रुसायला त्यांना वेळ नव्हता. "आता थांबू नगंस," त्या म्हणाल्या, "लाव जोर, लाव!" तिने जोर लावला. मधे एकदा वाटलं की आपण मरतो की काय, आणि तेही तिने मोठ्याने सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाल्या, "नाही मरत, ढकल!" तिने ढकललं. आणि अर्ध्या तासाच्या आत एक ओली, काळपट-जांभळी, रागावलेली मुलगी बाहेर आली. क्षणभर गप्प राहिली आणि मग अशी किंचाळली की व्हरांड्यात देसाई सरांनी भिंतीचा आधार घेतला.

"नाळेचा एक वेढा होता गळ्याला," डॉक्टर हात धुताना म्हणाल्या. "सैल होता, काही विशेष नाही. बाळ ठणठणीत आहे."

"तासभर धरलं असतं तर?"

"तर बहुतेक काही झालं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेक."

स्वरदाला त्या उत्तराचं काय करावं ते कळेना. तिने मुलीला छातीवर घेतलं आणि डोळे मिटले.

शंतनू आला तेव्हा त्याच्या अंगावर अजून कामाचाच डगला होता, कमरेला सुरक्षापट्ट्याच्या कड्या लटकत होत्या आणि हातांना ग्रीसचा वास येत होता. परिचारिकेने आधी त्याला हात धुवायला पाठवलं. तो आत आला, मुलीकडे पाहिलं, एक बोट पुढे केलं. तिने ते धरलं नाही, ती झोपली होती. त्याचे डोळे भरून आले. मग तो स्वरदाकडे वळला, आणि डोळे भरलेले असतानाच त्याचा चेहरा कठीण झाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं; मंडळी बाहेर पेढे वाटत होती.

"शुक्रवारी सगळ्यांना दिलेस," तो हळूच म्हणाला.

"आपण दिले."

"हो, आपण दिले. माझ्या आईलाही दिलेस, मीच मागितले. पण आज माझ्यासाठी एक तास नव्हता तुझ्याकडे."

"होता. तरी दिला नाही."

हे तिने असं सरळ सांगितलं की तो गडबडला. तिने काहीतरी सावरून घ्यावं, माफी मागावी, असं त्याला अपेक्षित असावं. एरवी तिने मागितलीही असती. सवयच होती.

"डॉक्टर तर म्हणाल्या, काही झालं नसतं."

"बहुतेक म्हणाल्या."

"स्वरा, मी शब्द दिला होता तुला. परत एकटी ठेवणार नाही म्हणून. तू मला तो पाळू दिला नाहीस."

"मला तू हवा होतास रे," ती म्हणाली. "किती हवा होतास ते तुला कळायचं नाही. पण ती रेघ खाली जायची आणि वर यायला वेळ घ्यायची, आणि मला वाटायचं, हिच्या जिवावर मी कुणाची वाट बघतेय? मग तो तू का असेनास. चुकलं असेल माझं. पण परत तीच वेळ आली तरी मी नाहीच म्हणेन."

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पाठमोरा. त्याचे खांदे हलत होते की तो नुसता श्वास घेत होता, ते तिला कळलं नाही.

तेवढ्यात दार उघडून सगळी मंडळी आत घुसली. पेढ्यांचा पुडा, सरांचा कॅमेरा, आईच्या हातात फोन आणि फोनमध्ये बेळगावच्या मावशीचा भला मोठा चेहरा. गलक्याने मुलगी जागी झाली, तोंड इकडेतिकडे वळवून काहीतरी शोधू लागली आणि ते मिळेना तशी भोकाड पसरलं.

"अगं अगं, एक मिनिट," आई म्हणाली, "जरा इकडे वळव तिला, मावशीला नाक बघायचंय."

"आणि एक फोटो," सर म्हणाले. "शंतनूराव, इकडे या असे. चौघा-पाचांचा एकत्र घेऊ. मग पाज हवं तर."

"नाही," स्वरदा म्हणाली. "तिला भूक लागलीय. सगळे बाहेर जा."

मावशी फोनमधून "काय म्हणाली, काय म्हणाली?" असं विचारत राहिली. सरांनी कॅमेरा खाली घेतला आणि मुकाट्याने दाराकडे वळले. आई त्यांच्या मागे. आत्याबाईंनी जाता जाता पेढ्यांचा पुडा तेवढा उशाशी ठेवला. सगळ्यांत शेवटी शंतनूही मान खाली घालून निघाला, कमरेच्या कड्या वाजवत.

"तू कुठे निघालास?"

तो दारात उभा राहिला. "तूच म्हणालीस ना, सगळे म्हणून."

"तू सगळ्यांत येतोस का?"

दाराच्या मुठीकडे बघत तो म्हणाला, "मी अजून रागावलोय स्वरा. खोटं कशाला सांगू?"

स्वरदाने मुलीचं डोकं हातावर घेतलं. तिला ते अजून नीट जमत नव्हतं, मुलीलाही जमत नव्हतं, दोघी धडपडत होत्या.

"रागाव," ती म्हणाली. "पण इथे बसून रागाव."

त्याने दार लावलं, स्टूल ओढलं, आणि बसला.